हुबेहूब नाही हो, सत्त्याऐंशीपट लहान आहे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकात माझ्या माळ्यावरच्या रेल्वेची चौकट आली. फोटो झकास आलाय. पंख्याचं पातं मध्ये आलं नसतं तर आणखी झकास आला असता. आपला बातमीदार मुलगा नम्र होता, जिना चढताना चपला खाली काढून आला, सगळं ऐकून घेतलं. तरी मथळ्यातल्या दोन शब्दांवर माझी तक्रार आहे. 'निवृत्त कामगाराची खेळण्यातली रेल्वे, मिरज जंक्शनची हुबेहूब प्रतिकृती' असा तो मथळा.

'खेळण्यातली' सोडून देतो. घरात सात वर्षं तेच ऐकतोय. 'हुबेहूब' मात्र घशात अडकलं. चौकट वाचून दुसऱ्याच दिवशी रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका माळ्यावर आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यात आमची केबिन कुठाय?" केबिन म्हणजे जिथून सिग्नल आणि सांधे हलवतात ती उंचावरची खोली. नव्हतीच. मी काय सांगणार? पेपरात आलंय म्हणून का केबिन उगवते!

म्हणून हे पत्र. पुढं एक मागणंही आहे, पण आधी दुरुस्ती.

मी चौतीस वर्षं फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. तरुण वाचकांसाठी सांगतो: पंपाचं कव्हर किंवा विजेच्या मोटरची बॉडी बिडात ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून काढला की जी पोकळी राहते तिच्यात रस ओततात. बीड थंड होताना मीटरमागं साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. त्यासाठी आमची मोजपट्टीच वेगळी असते, तिला श्रिंकेज स्केल म्हणतात. तिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरहून एक सेंटीमीटर लांब. बाहेरच्या माणसाला ती पट्टी दिली तर तो घराची दारं चुकवील. आम्हाला मात्र माहीत असतं की ही पट्टी किती खोटं बोलते आणि कशासाठी. माझ्या माळ्यावरचं मिरज असंच आहे. कुठं किती खोटं आहे ते मला ठाऊक आहे, आणि ते वाचकांना सांगितल्याशिवाय 'हुबेहूब' हे प्रमाणपत्र मला नको.

मी केलंय ते १९७५ सालातलं मिरज. का, तर त्या काळात मिरजेत तीन रुंदीचे रूळ एकाच वेळी चालू होते. कोल्हापूर संस्थानानं बांधलेला कोल्हापूर–मिरज फाटा १८९१ चा, तो मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर. पुणे, मिरज, लोंढा ही सदर्न मराठाची लाईनसुद्धा मीटरगेजच होती. १९२७ ला बार्शी लाईट रेल्वे पंढरपूरकडून मिरजेला येऊन भिडली, ती अडीच फुटी, म्हणजे नॅरोगेज. १९७१ च्या सुमारास पुणे–मिरज–कोल्हापूर ब्रॉडगेज झालं, लोंढ्याकडं मीटरगेजच राहिलं, आणि बार्शी लाईट आपली होती तिथंच. एका स्टेशनात तीन गेज. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, नॅरोगेजकडं पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे. डबा पोहोचवायला मी रोज जायचो, म्हणून मला वाटायचं की जगातल्या सगळ्या स्टेशनांत तीन प्रकारचे रूळ असतात. पहिल्यांदा पुण्याला गेलो तेव्हा विचारलं होतं, "बाकीचे दोन कुठायत?"

आता माप. माझं प्रमाण १:८७ आहे. ब्रॉडगेजचे रूळ आतून आत १६७६ मिलिमीटर. भागिले ८७, म्हणजे १९.३. मीटरगेजचा १००० चा साडेअकरा होतो. नॅरोगेजचा ७६२ चा पावणेनऊ. बाजारात परदेशी तयार रूळ मिळतात ते १६.५, १२ आणि ९ मिलिमीटरचे. बारा आणि नऊ म्हणजे मीटरगेज आणि नॅरोगेज जवळजवळ तयारच मिळालं, पाव-अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं. तेवढं मी माफ केलं. पण १६.५ हे युरोप-अमेरिकेच्या १४३५ गेजचं माप. त्यावर आपला डबा ठेवला की जाड्या माणसानं अरुंद स्टुलावर बसावं तसं दिसतं. आपल्याकडचे बरेच हौशी लोक त्याच रुळावर भारतीय गाड्या चालवतात आणि त्यात वावगं काही नाही, खर्चाचा प्रश्न आहे. पण माझ्याकडं तिन्ही गेज शेजारी शेजारी येतात. तिथं मोठाच रूळ खोटा ठेवला तर सगळा खेळच संपला. तीन गेजमधला फरक दिसावा यासाठीच तर हा उद्योग.

म्हणून ब्रॉडगेज हातानं टाकलं. खऱ्या लाकडी स्लीपरची लांबी नऊ फूट, ती माझ्याकडं साडेएकतीस मिलिमीटर. जुन्या सागवानी दाराच्या पट्ट्यांतून दीड हजार स्लीपर कापले. दर पाचवा स्लीपर तांब्याचा पत्रा चिकटवलेल्या सर्किट बोर्डचा, त्यावर रूळ डाखतो. मधल्या चारांवर नुसता टेकतो. दोन रुळांतलं अंतर तपासायला पितळेचा एक ठोकळा घासून केलाय, तो खिशात असतो. लग्नाला जातानासुद्धा एकदा खिशात राहिला होता.

डब्यांची चाकं अर्थातच या रुंदीला बसत नाहीत. फाउंड्रीतल्या माझ्या एका टर्नर मित्रानं नवे आस वळून दिले. ब्रॉडगेजचं डब्ल्यूडीएम-२ डिझेल एका परदेशी इंजिनाच्या चासीवर पत्र्याची बॉडी चढवून केलंय. मीटरगेजला १२ मिलिमीटरच्या स्विस गाड्या मिळतात, बेमो कंपनीच्या. सुंदर असतात, पण एका इंजिनाच्या किमतीत माझा माळा पुन्हा बांधून होईल. मी एक जुनी चासी घेतली, तीवर वायपी जातीचं वाफेचं इंजिन अजून अर्धंच चढलंय. नॅरोगेज सर्वांत स्वस्त पडलं. छोट्या एन मापाची चासी ९ मिलिमीटरचीच असते, वर पितळी पत्र्याचं इंजिन बसवायचं.

इथं बार्शी लाईटचा एक किस्सा सांगायलाच हवा, कारण मिरजेतल्या किती जणांना तो माहीत आहे कोण जाणे. ती रेल्वे काढली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं, कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला तुकडा १८९७ चा. त्याचं म्हणणं असं की हलक्या रुळावर जड वजन नेता येतं, फक्त ते सारखं वाटलं पाहिजे. इंजिन असो की मालाची वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. त्यासाठी लीड्सच्या किटसन कंपनीकडून चार जोड चाकांची इंजिनं करून घेतली. वजन चार आसांवर पसरलं की रूळ हलका चालतो, रूळ हलका की खर्च कमी, आणि दुष्काळी मुलखात रेल्वे परवडते. ह्याच माणसानं पुढं विमानातून उडी मारायची पॅराशूट बनवली. हलकं आणि सुरक्षित याचंच वेड म्हणायचं. माझ्या माळ्यावर त्याची अडचण बरोबर उलटी झाली. पितळी इंजिन इतकं हलकं की चाकं जागच्या जागी फिरायची, तीन डबेसुद्धा ओढवेनात. शेवटी टायरवाल्याकडून चाकांच्या बॅलन्सिंगचं शिसं आणलं आणि बॉयलरमध्ये ठासलं. कॅलथ्रॉपसाहेबाला कळलं तर नाराज होईल.

आता सर्वांत मोठं खोटं. माझा माळा चौदा फूट बाय दहा. पंधरा डब्यांची एक गाडी, डबा साधारण २१ मीटर ३० सेंटीमीटर, म्हणजे नुसते डबेच ३२० मीटर. माझ्या प्रमाणात ते पावणेचार मीटर होतात आणि माझी लांब भिंत सव्वाचार मीटरची आहे. गाडीनं फलाट सोडायच्या आतच ती भिंतीत घुसेल. मिरज ते कोल्हापूर ४७ किलोमीटर खरं धरायचं तर मला अर्धा किलोमीटरहून लांब माळा लागेल, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांचे माळे सलग जोडावे लागतील. तेव्हा माझी गाडी पाच डब्यांची. फलाटही त्याच मापानं खुजा केलाय. यार्डात जिथं रुळांची रांगच रांग होती तिथं माझ्याकडं चार आहेत. आमच्या शौकात ह्याला काटछाट म्हणून कुणी नावं ठेवत नाही. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथं जाऊन मी दोनदा सबंध शो पाहिला, तो बघूनच हात शिवशिवले होते. एका खोलीत गाव बसवायचं तर काहीतरी गळणारच.

पण काय गाळायचं याचे मी माझ्यापुरते नियम केलेत. लांबी कापली तरी चालेल, रुंदी आणि उंची कापायची नाही. दहाचे चार रूळ चालतील, पण त्या चारांचा एकमेकांशी संबंध खरा हवा: कुठून कुठं जाता येतं आणि कुठून नाही. आणि जे मला माहीत नाही ते अंदाजानं करायचं नाही. तिथं नुसता पांढरा पुठ्ठा ठेवायचा. बातमीदारानं मला विचारलं होतं, "काका, हे पांढरे ठोकळे रंगवायचे राहिलेत का?" मी सांगितलं होतं की ते माहीत नसलेल्या इमारती आहेत. ते नेमकं छापलं नाही. माझ्या मिरजेत अकरा पांढरे ठोकळे आहेत, संपादकसाहेब. आता सांगा, हुबेहूब कसं?

जे माहीत आहे ते मात्र जीव लावून केलंय. खडी पाच सेंटीमीटरची, म्हणजे माझ्याकडं अर्ध्या मिलिमीटरची. क्रशरवरची कच आणून रव्याच्या चाळणीतून तीनदा चाळली. चाळणी घरात परत घेतली गेली नाही, नवी आणावी लागली. माणसं उंचीला एकोणीस मिलिमीटर. तयार मिळतात ती सगळी जर्मन, हॅट आणि ओव्हरकोटवाली. त्यांचे कोट कानशीनं घासून एमसीलची धोतरं नेसवली, फेटे बांधले, दोघींना नऊवारी. एका गार्डाला मात्र तसाच राहू दिला, तो मुळातच गार्डासारखा दिसत होता. आषाढीच्या आठवड्यातला देखावा आहे, त्यामुळं बार्शी लाईटच्या डब्यांच्या टपावर वारकरी बसलेत. लहान पोरं विचारतात, टपावर बसायला परवानगी होती का? नव्हती. बसायचे.

माल बदलायची जागा हा माझा सर्वांत आवडता कोपरा. तीन गेज म्हणजे माल एका गाडीतून दुसरीत जायचाच, आणि जायचा तो हमालाच्या पाठीवरून. हळदीची पोती, गुळाच्या ढेपा. आणि एका उघड्या वाघिणीत भोपळे. सतारमेकर गल्लीतल्या एका वयस्कर कारागिरांनी सांगितलं की तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून यायचे आणि त्यांच्या लहानपणी ते ह्या छोट्या गाडीनंच उतरायचे. चाळीस सेंटीमीटरचा भोपळा माझ्या मापात साडेचार मिलिमीटर होतो. मोहरी लहान पडली, वाटाणा मोठा झाला, शेवटी टपोरे धने निवडून घेतले, एकेकाला पिवळट रंग दिला. त्यांना दाखवायला नेले तर चष्म्याआडून बघून म्हणाले, "हे बेनं बरोबर आहे, पण देठ कुठाय?" देठ नसेल तर भोपळा लवकर कुजतो म्हणे. आता प्रत्येक धन्याला ब्रशचा एक केस चिकटवलाय.

फलाटावर एकजण तंबोरा घेऊन उभा आहे, साडेचार फुटी तंबोरा सोळा मिलिमीटरचा. मिरजेच्या स्टेशनात तंबोरा नसला तर ते मिरज कसलं! मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब गेले तेसुद्धा रेल्वे स्टेशनातच. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनवर उतरले आणि तिथंच गेले. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात ठेवलं. तो तंबोरेवाला कोण आहे असं विचारतात तेव्हा मी नाव सांगत नाही.

एका ठिकाणी मी नियम मोडलाय, तेही सांगून टाकतो. नातीला 'पाण्याची रेल्वे' हवी होती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला जलदूत गेली तेव्हा ती जन्मलीही नव्हती, पण शाळेत ऐकून आली. पहिली गाडी दहा टाक्यांची, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. आणि ती गेली कुठल्या वाटेनं, तर पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूर, म्हणजे बार्शी लाईटचीच वाट, फक्त आता ब्रॉडगेज झालेली. दुष्काळात परवडावी म्हणून जी काढली तिच्याच वाटेवरून दुष्काळात पाणी गेलं. मग केल्या दहा टाक्या. १९७५ च्या देखाव्यात २०१६ ची गाडी, पण आजोबापण नियमात बसत नाही. लांबी ८७ पट लहान झाली की पोटातलं पाणी ८७ गुणिले ८७ गुणिले ८७ इतकं पट लहान होतं. पन्नास हजार लिटरची टाकी ७६ मिलिलिटरची झाली, एक कटिंग चहा. दहा टाक्या मिळून पाऊण लिटर. नातीनं मेजर कपानं भरून बघितलं आणि विचारलं, "एवढ्यानं लातूरला पुरलं?" मी तिला पुन्हा तीनदा गुणायला लावलं.

फजितीही सांगतो, नाहीतर सगळं सुरळीत झालं असं वाटेल. पहिल्या वर्षी रूळ एकमेकांना चिकटवून टाकले, मध्ये फट ठेवली नाही. सरळ दिसतं ना! माळ्यावर पत्रा आहे. मे महिन्यात दुपारी वर गेलो तर लोंढ्याकडची मीटरगेज लाईन साप पडल्यासारखी वळवळली होती. चार मीटर रूळ, वीस अंश जास्त तापला, की दीडएक मिलिमीटर वाढतो. तो जाणार कुठं? चौतीस वर्षं धातू आकसतो म्हणून पगार घेतला आणि घरच्या रुळाला फट ठेवायला विसरलो. अण्णा असते तर म्हणाले असते, "लेका, रूळ बघून शिकायचास की, डबा देऊन पळायचास."

तर मागणं.

अण्णांचा एकच फोटो होता, इंजिनाशेजारी उभे राहून काढलेला. हातात झेंडी, मागं नॅरोगेजचं इंजिन, त्यामागं एक दगडी भिंत आणि एक चढता जिना. तो फोटो सांगलीत माझ्या धाकट्या बहिणीकडं पत्र्याच्या ट्रंकेत होता. माळ्याचं काम काढलं तेव्हा म्हटलं होतं, आणतो पुढच्या महिन्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. बहीण आणि मेव्हणे नेसत्या कपड्यानिशी आमच्याकडं मिरजेला आले, अठरा दिवस राहिले. ट्रंक तळमजल्यावर होती. पाणी उतरल्यावर ती उघडली तेव्हा आतले सगळे फोटो एकमेकांना चिकटून एक वीट झाली होती. अण्णांचा फोटो कोणता तेही सांगता येईना.

मला त्या फोटोतलं अण्णांचं तोंड पाठ आहे. त्याबद्दल काही मागायचं नाही. मला हवी होती ती मागची भिंत. फोटोतून माप कसं काढतात ते सांगतो, म्हणजे मी काय मागतोय ते कळेल. फोटोत रूळ दिसत असले की पट्टी आपोआप मिळते, कारण दोन रुळांतलं अंतर ७६२ आहे हे आपल्याला पक्कं माहीत. त्यावरून इंजिनाची उंची निघते, शेजारच्या माणसाची निघते, भिंतीतल्या दगडांचे थर मोजले की भिंतीची निघते. मंगळुरी कौलं दिसली तर ती मोजून छपराची लांबी निघते. फोटो धूसर असला तरी चालतो. माणसं ओळखू आली नाहीत तरी चालतं. बहुतेक घरांत असे फोटो 'ह्यात कोणाचं तोंडच नीट दिसत नाही' म्हणून अल्बमच्या शेवटी खोचलेले असतात. मला नेमके तेच पाहिजेत.

मिरज, सांगली, आरग, बेळंकी, सलगरे, कवठे महांकाळ, ढालगाव, सांगोला इथल्या वाचकांना माझी विनंती की घरातल्या पेट्या उघडाव्यात. रेल्वेत नोकरी केलेलं कुणी घरात असेल तर त्यांना चहा देऊन जवळ बसावं. मला हवं आहे ते असं: नॅरोगेजच्या फलाटावर छप्पर होतं का, आणि होतं तर कौलाचं की पत्र्याचं? इंजिन फिरवायचं टर्नटेबल नक्की कुठल्या अंगाला? दोन माणसं दोन दिशा सांगतात आणि दोघंही तिथं नोकरीला होते. पाटीवर मिरज हे नाव किती लिपींत होतं? मीटरगेज तेव्हा दक्षिण मध्य रेल्वेकडं होतं, म्हणून मला शंका आहे. ब्रॉडगेजवर १९७५ ला वाफेची इंजिनं किती आणि डिझेल किती, यावर तर दोन निवृत्त गृहस्थ माझ्या माळ्यावर भांडून गेले, एकाची छत्री अजून इथंच आहे. आणि बार्शी लाईटच्या डब्यांचा रंग. कृष्णधवल फोटोत सगळंच करडं. त्या डब्याचा एखादा पत्रा, दाराची मूठ, काहीही कुणाच्या परसात कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेलं असेल तर वरचे थर खरवडून खालचा रंग बघता येतो. खुराडं मोडणार नाही, शब्द देतो.

आणि केबिन. ते काका तीन वेळा येऊन गेलेत. पायऱ्या किती होत्या ते त्यांना आठवतं, कारण चढायचे रोज. सोळा. एका पायरीची उंची सात इंच धरली की मजला नऊ फूट चार इंचांवर आला. खिडक्या किती ते आठवत नाही. बाराव्या पांढऱ्या ठोकळ्याला पायऱ्या लागल्यात, खिडक्या बाकी आहेत.

शेवटची गोष्ट रेल्वेकडं आणि ज्यांच्याकडं अशी कामं असतात त्या सगळ्यांकडं. जुनं पाडू नका असं मी म्हणणार नाही. मी स्टेशनात रोज जाणारा माणूस आहे, मला सरकता जिना हवा आहे, गुडघे गेलेत. लाईन दुपदरी होताना, फलाट वाढवताना जुनी भिंत आडवी येणारच. माझं म्हणणं एवढंच की पाडायच्या आदल्या दिवशी एका माणसाला टेप घेऊन तिथं पाठवा. आयटीआयचा एखादा पोरगा चालेल. दार किती, खिडकी किती, थर किती, मागून-पुढून चार फोटो, प्रत्येकात एक काठी उभी, काठीवर फुटाफुटाला रंगाचे पट्टे. एक सकाळ लागते. दोन वर्षांपूर्वी मी एका लहान स्टेशनवर एका खोलीचं माप घ्यायला टेप घेऊन गेलो, तर मला बाहेर काढलं, कशासाठी मोजताय म्हणून. महिन्यानं पुन्हा गेलो तेव्हा खोलीच नव्हती. जोत्याच्या खुणा होत्या, तेवढ्या पावलांनी मोजून आणल्या. माझं पाऊल ७१ सेंटीमीटरचं आहे, घरी आल्यावर तपासलं.

पत्र लांबलंय हे मला कळतं. कापायचं झालं तर स्विस गाड्यांचं कापा, फोटो आणि पायऱ्यांचं कापू नका. नाव, पत्ता, फोन आपल्या कार्यालयात लिहून दिलाय, तो छापू नये; कुणी फोटो घेऊन आलं तर माझ्याकडं धाडून द्यावं. फोटो ठेवून घेणार नाही, समोरच मोबाईलवर टिपून परत देईन. माळा बघायचा असेल तर रविवारी सकाळी दहाच्या आत या. त्यानंतर पत्रा तापतो, लोंढ्याकडची फट मिटते आणि मला गाड्या बंद कराव्या लागतात.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर, मिरज

ता. क. छत्री काळी आहे, मूठ लाकडी. ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावी. डिझेलबद्दल त्यांचं म्हणणं मी लिहून ठेवलंय, पण अजून मान्य केलेलं नाही.